एका बादलीतली मुळं

पोळा झाला की आमच्या रोहण्यात दोन गोष्टी ठरलेल्या. पुरणपोळीचं नुसतं नाव काढलं तरी घरातली माणसं उठून जातात, आणि मिरचीची रोपं लावणीला येतात. काल तान्हा पोळाही झाला. गल्लीतली पोरं लाकडी बैल ओढत दारोदार फिरली आणि खाऊ घेऊन गेली. आज अंगणात सामसूम आहे. आंब्याच्या सावलीत रोपं उभी आहेत, वीतभर उंचीची, पानांवर कोवळी चमक असलेली. चहाचा कप हातात घेऊन मी त्यांच्यासमोर उभी आहे. रोपं तयार आहेत, शेत तयार आहे, भादव्याचं ऊन अजून चढायचं आहे. लावणारा तेवढा यायचा आहे. लक्ष्मणभाऊ येतील की नाही, हे मला खरंच माहीत नाही. आणि नाही आले, तर चूक त्यांची नसेल.

मी बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. या एका वाक्यात माझे सगळे दुर्गुण येतात. मोठ्यानं बोलायची सवय, समोरच्याचं वाक्य आपणच पूर्ण करायची घाई, आणि वर्गात शाई सांडली की ती कोणी सांडली हे नुसते चेहरे पाहून ओळखण्याचा भरवसा. दर सोमवारी प्रार्थना झाली की मी पोरांचे हात तपासायची. हात पुढे, तळवे वर, आता पालथे. नखात माती दिसली की पोर नळावर. माझ्या निरोपाच्या कार्यक्रमात एक जुना विद्यार्थी म्हणाला, "बाईनं आमाले दुसरं काय शिकवलं थे आठवत नाई, पन हात धुवाले शिकवलं." सगळे हसले. मीही हसले. घरी येताना मला तो माझा सत्कारच वाटत होता.

निवृत्त झाले आणि गावाला लागून असलेल्या अर्ध्या एकरात मिरची लावायचं मनात घेतलं. कपाशी आणि तूर आमच्या यांनी पाहायची, मिरची मी, अशी वाटणी झाली. दुसरं काही नाही आणि मिरचीच का, याला कारण होतं. बियाणं माझ्या माहेरचं होतं.

माहेर समुद्रपूर तालुक्यातलं, जामच्या चौकापासून सायकलनं अर्ध्या तासावर. बाबा हिरव्या मिरचीचं पोतं सायकलला बांधून जामला नेत. हायवेच्या कडेला ट्रकवाले जेवायला थांबत, त्यांच्या ताटात बाबा दोन मिरच्या न विचारता ठेवत. माणूस पंजाबचा असो की आंध्रातला, एक चावा घेई, डोळे पुसे आणि पिशवी पुढे करी. ती मिरची दिसायला काही खास नव्हती. बारीक, जराशी वाकडी, देठाजवळ सुरकुतलेली. पण तिखटपणा तिच्यात मागून यायचा. आधी एक हिरवा गोडसर वास, आणि घास गिळल्यावर घशात हळूच पेटत जाणारी आग. बाजारात तिला नाव नव्हतं. आम्ही घरात नुसतं 'आपली मिरची' म्हणायचो.

बाबा गेले तेव्हा मी त्यांच्या घरातून एकच गोष्ट मागून आणली, आढ्याला टांगलेली वाळक्या लाल मिरच्यांची माळ. भावानं शेती केव्हाच सोडली होती. नोकरीच्या वर्षांत मी परसात चार-सहा झाडं लावून ते बी जिवंत ठेवलं. दरवर्षी एका स्टीलच्या डबीत राखेत घालून ठेवायची. ती डबी हलवली की आत जो बारीक आवाज व्हायचा, त्याची मला इतकी सवय झाली होती की कपाट उघडलं की हात आपोआप तिच्याकडे जायचा. त्या डबीबाहेर ते बी जगात आणखी कुठे असेल, असं मला वाटत नाही.

बियाण्यासोबत बाबांची आणखी एक गोष्ट मी आणली होती. ती म्हणजे बादलीची रीत. रोप वाफ्यातून उपटलं की लावण्याआधी त्याची मुळं शेणाच्या पातळ काल्यात बुडवायची. ताजं शेण, बांधावरची मूठभर माती, लिंबाएवढा गूळ, पाणी. बाबा म्हणत, "लेकरू दुसऱ्या गावी धाडतो आपण, तं उपाशी धाडू नये." मला लहानपणी ते काम फार आवडायचं. रोपांची जुडी बादलीत जायची आणि वर यायची तेव्हा पांढऱ्या मुळांना काळसर गोडगोड वासाचा लेप चढलेला असायचा. आता इतक्या वर्षांनी स्वतःचं शेत मिळाल्यावर मी आधी बादली घेतली. चांगली मोठी, निळी.

मी सांगते आहे तो हंगाम गेल्या वर्षीचा. अर्धा एकर पूर्ण लावायचा म्हणून मी डबी उलटी केली. चिमूटभरही मागे ठेवलं नाही. यांनी विचारलं होतं, "थोडंसं राहू देत नाई का?" मी म्हटलं, "जानेवारीत पोतंभर मिरची होईल, त्यातलं बी काय कमी पडणार आहे?" माणसाला ज्या क्षणी आपण फार हुशार आहोत असं वाटतं, त्या क्षणी कोणीतरी त्याच्या हातून चहाचा कप काढून घ्यावा आणि त्याला जरा बसवावं.

वाफा विहिरीजवळ होता. आधीच्या दोन हंगामांत परसासाठीची रोपंही मी तिथेच केली होती, कारण पाणी जवळ. आधीच्या वर्षी परसातली झाडं वाळली तेव्हा त्यांची खोडं-मुळं मी तिथेच आणून, कापून मातीत मिसळली होती. त्यातल्या एक-दोन झाडांची पानं शेवटी शेवटी चितकबरी दिसली होती, पण म्हातारपणी पानं कशीही दिसतात असं म्हणून मी सोडून दिलं. खत होईल, वाया कशाला घालवायचं. शिक्षकाच्या घरात पाठकोरा कागदही वाया जात नाही.

लक्ष्मणभाऊ मडावी आणि त्यांची बायको सखुबाई नाल्यापलीकडे राहतात. दोघं घरात गोंडी बोलतात, आमच्याशी आमच्यासारखं. लावणीला त्यांच्याइतका हात गावात कोणाचा नाही. लक्ष्मणभाऊंनी रोप लावलं की ते वाकत नाही, कोमेजत नाही, दुसऱ्या दिवशी पाहावं तर जणू तिथेच उगवलेलं. त्यांच्यात एकच गोष्ट मला खटकायची, खर्रा. दर तासाभरानं ते बांधावर टेकायचे, पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घेऊन दोन्ही तळव्यांत घोटत राह्यचे. तो चुन्याचा आणि तंबाखूचा उग्र वास वाऱ्यावर यायचा आणि मी तोंड फिरवायची.

लावणीच्या दिवशी मला उशीर झाला. गुळासाठी घरी परत जावं लागलं. शेतात पोचले तर दोघांनी वाट पाहून काम सुरू केलेलं. बांधाकडच्या दोन ओळी लावून झाल्या होत्या, कोरड्याच, बादलीशिवाय. मी तिथूनच ओरडले.

"लक्ष्मणभाऊ, मुळं बुडवल्याबिगर काऊन लावली?"

"ऊन चढून राह्यलं होतं, बाई. रोपं माना टाकतीन म्हनून लावली."

"उपटा तं. पुन्हा बुडवून लावू."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा रोपांकडे. "राहू द्या जी. दोनच ओळी हाय. लागले पाय त्याईचे, आता कायले हलवता?"

मी राहू दिलं, पण मनात त्या दोन ओळींवर काट मारली. वर्गातल्या मागच्या बाकासारख्या त्या माझ्या नजरेत कच्च्या राहिल्या. मग दिवसभर मी बादलीजवळ बसून एकेक जुडी काल्यात बुडवत राहिले. सगळ्या जुड्या, सगळी मुळं, एकच बादली. संध्याकाळपर्यंत पाणी कमी झालं की त्यातच नवं घालायची. हात कोपरापर्यंत शेणानं माखलेले, पाठ मोडलेली, आणि मी इतकी खूश, इतकी खूश की बाबा कुठूनतरी बघत असतील असं मला वाटत होतं.

महिनाभर शेत दृष्ट लागण्यासारखं होतं. आजूबाजूचं सोयाबीन पिवळं पडून काढणीला आलं होतं, कपाशीला बोंडं धरली होती, आणि मध्ये माझा हिरवा तुकडा. मग घट बसायच्या सुमारास एका सकाळी एक पान उचललं आणि ते मला परिचित वाटलं. गडद हिरव्यात फिक्कट हिरव्याचे डाग, जणू कोणी पाण्याचे शिंतोडे उडवून रंग धुतला आहे. दुसऱ्या झाडावर तेच. आठ दिवसांत ओळीच्या ओळी तशा. नवी पानं अरुंद, आखडलेली. फुलं येत होती आणि गळत होती. शेजारचे शेतकरी बांधावरून म्हणाले, "चुरडा आला, फवारा मारा." मी फवारा मारला. पुन्हा मारला. किडा असेल तर मरेल ना. पानावर किडाच नव्हता.

मग मी अभ्यासाला बसले. आता अभ्यास म्हणजे मोबाइल. त्यात एका माणसानं सांगितलं की तंबाखूतून मिरची-टोमॅटोला एक विषाणूचा रोग येतो, तंबाखू चोळलेल्या हातांनी रोपाला शिवलं तरी. पुढे तो अजून दहा मिनिटं बोलत होता, पण मी बंद केलं. मला शाई कोणी सांडली ते कळलं होतं. आमचा जिल्हा हळदीचा, अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं आम्हाला कोणी शिकवायला नको.

दुसऱ्या दिवशी शेतात निंदण चाललं होतं. लक्ष्मणभाऊ, सखुबाई आणि गावातल्या चौघी बाया. मी तशीच ओळी तुडवत गेले आणि त्यांच्यासमोर उभी राहिले.

"हात दाखवा."

ते उठले. विळा खाली ठेवला. काय चाललंय ते न कळून त्यांनी हात पुढे केले.

"तळवे वर."

तळव्यांच्या रेषांत चुन्याची पांढरी पूड बसली होती. तंबाखूचा वास माझ्यापर्यंत आला. चौघी बाया हातातलं तण तसंच धरून बघत होत्या.

"याच हातानं तुमी माया बापाची मिरची मारली," मी म्हटलं. "तुमच्या खर्र्यानं. दानाभर बी उरलं नाई मायाजवळ."

साठीतला माणूस. त्यांनी हात लगेच खाली घेतले नाहीत. थोडा वेळ तसेच धरून ठेवले, जणू मी 'पालथे' म्हणायची वाट पाहत होते. मग ते विहिरीवर गेले, हात धुतले, दुपट्ट्याला पुसले. सखुबाईंशी गोंडीत दोन वाक्यं बोलले. मला गोंडी येत नाही. बत्तीस वर्षांत माझ्या वर्गात गोंडी बोलणारी किती पोरं बसून गेली, मी कधी एक शब्द विचारला नाही. दोघं बांधावरून निघून गेले. मी त्यांना थांबवलं नाही.

घरी जेवताना मी सगळं सांगितलं, जरा विजयातच. आमचे हे कमी बोलणारे. भाताचा घास कालवत ते म्हणाले, "त्यानं तीस वर्षं लोकाईच्या वांग्या-टमाटरची लावणी केली. तवा नाई मेली कोनाची?" मी म्हटलं, "तुम्हाला विज्ञान कळत नाही." ते उठून हात धुवायला गेले.

मी शेतकी केंद्रात पानांचे फोटो पाठवले होते. चार दिवसांनी तिथल्या एक मॅडम आल्या. तरुण, डोक्यावर टोपी, पायात बूट, बोलणं मोजकं. मी माझा सिद्धांत त्यांना सांगितला. त्या ऐकत ऐकत सरळ बांधाकडे चालत गेल्या आणि थांबल्या.

"या दोन ओळी कोणी लावल्या?"

मी पाहिलं. इतक्या दिवसांत त्या दोन ओळींकडे मी नीट पाहिलंच नव्हतं. झाडं मांडीपर्यंत उंच, पानं एकसारखी हिरवी, आणि फांद्यांवर बारीक, जराशा वाकड्या मिरच्या लोंबत होत्या. देठाजवळ सुरकुतलेल्या. आपल्या.

"लक्ष्मणभाऊंनी," मी म्हटलं.

"खर्रावाले तेच ना? आणि बाकीचं शेत?"

"तेही त्यांनीच. पण ते बादलीत बुडवून."

मॅडम बाकीच्या शेताकडे वळल्या. मग त्यांनी एक आजारी झाड मुळासकट काढलं आणि बांधावर बसून मला समजावलं. मी आयुष्यात पहिल्यांदा विद्यार्थ्यासारखी मांडी घालून ऐकलं. त्या म्हणाल्या, या विषाणूला तोंड नाही, पाय नाहीत, त्याला आत जायला जखम लागते. डोळ्यांना न दिसणारी जखमही पुरते. जुन्या आजारी झाडांच्या वाळक्या मुळांत तो मातीत टिकून राहतो. त्याच मातीत नवं रोप वाढलं की एखाद-दुसऱ्याच्या कोवळ्या मुळाला तो चिकटतो. तेवढ्यानं शेत जात नाही. पण वाफ्यातून रोप उपटताना त्याची केसाएवढी मुळं तुटतात. तुटलेल्या टोकांतून रस पाझरतो. आजारी रोपाचा तो रस बादलीत उतरतो, आणि त्यामागून जे निरोगी रोप बुडतं, त्याच्या उघड्या टोकांतून आत जातो. मग पुढची जुडी. मग त्यापुढची.

"तंबाखूतूनही तो येऊ शकतो, हात धुवायलाच हवेत," त्या म्हणाल्या. "पण इथं तसं दिसत नाही. त्याच हातांच्या या दोन ओळी बघा की."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे मी मुलांना किती वेळा वाक्यात उपयोग करायला दिलं असेल. माझा कळसा निळा होता, प्लास्टिकचा, आणि तो मी स्वतः कोपरापर्यंत हात घालून ढवळला होता. मायेनं. हेच मला सर्वांत जास्त लागलं. मी प्रत्येक लेकराला जेवू घालून पाठवलं आणि एकाच ताटातून रोग वाढला. मॅडम गेल्यावर मी विहिरीच्या कठड्यावर बसून रडले. मिरचीसाठी थोडं, आणि त्या पुढे केलेल्या तळव्यांसाठी जास्त.

रडून झालं की शिक्षकाला कामाची यादी सुचते. दुसऱ्या दिवसापासून मी झाडं उपटायला घेतली. मॅडमनी सांगितलं होतं की मुळाचा तुकडाही मातीत राहू नये. त्यामुळे कुदळीनं भोवती उकरायचं, झाड उचलायचं, माती चाळायची, मुळं वेचायची. चौघी बाया दोन दिवस आल्या. मग त्यांना कापूस वेचायला जावं लागलं, आणि मी एकटीच उरले. फुलं असलेलं झाड उपटताना हात थबकतो. त्यातल्या काहींवर चार मिरच्याही होत्या, खडबडीत, डागाळलेल्या, पण होत्या. मी एकेका झाडाला म्हणायची, "तू नाही." असं म्हणत अर्धा एकर रिकामा केला. शेताच्या कोपऱ्यात ढीग वाळवून जाळला तेव्हा धुरानं खोकून खोकून जीव गेला. वाफ्यातली मातीसुद्धा मी उकरून ठेवली, तिथे आता तीन वर्षं ज्वारीशिवाय काही येणार नाही. दोन ओळी आणि रिकामं शेत यांच्यामध्ये हातभर खोल चर खणला. आमचे हे संध्याकाळी येऊन मुकाट्यानं कुदळ घेत.

तो चर खणतानाच मला ते आठवलं. बाबांचा वाफा कधीही एका जागी नसायचा. एक वर्ष गोठ्याच्या मागे, एक वर्ष चिंचेखाली, एक वर्ष नाल्याकाठी. पाणी लांबून आणावं लागायचं म्हणून आई कुरकुरायची. बाबा म्हणायचे, "मिरचीनं आपली जुनी जागा पाहू नये." आणि त्यांच्याजवळ बादली कुठे होती? शेणकाला ते एका तांब्यातून जुडीवर ओतायचे, खालचं पाणी मातीत जिरायचं. बादली मी आणली होती. लहानपणी मला बादलीत बुडवायला आवडायचं म्हणून त्यांनी एक जुडी माझ्यासाठी वेगळी ठेवली होती, आणि मी तेवढीच आठवण घेऊन मोठी झाले. रीत बाबांची होती, पण त्यांनी कष्टानं केलेला भाग मी विसरले आणि मला आवडलेला तेवढा ठेवला.

मग सुरू झाली त्या दोन ओळींची राखण. त्या ओळींत जायचं तर आधी साबणानं हात धुवायचे, मग दुधात बुडवायचे. हो, दुधात. मॅडमनी सांगितलेलं, दुधातलं काहीतरी त्या विषाणूला धरून ठेवतं. मला आधी वाटलं थट्टा करतात. रोज सकाळी वाटीभर दूध घेऊन मी शेतात निघाले की यांनी म्हणावं, "चहाले दूध नाई अन् हाताले हाय." मी ऐकून घेतलं. शेजाऱ्यांनीही ऐकवलं. बाईंना मिरचीचं वेड लागलं, असं गावात झालं. लागू दे. एकदा तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, मी तर दुधात बोटं बुडवून बसले होते.

संक्रांतीच्या आधी त्या दोन ओळी लाल झाल्या. मी पहिली ओंजळ तोडली आणि नाल्यापलीकडे गेले. इतके दिवस का गेले नाही? मनात रोज जात होते. चप्पल घालायची आणि पुन्हा काढायची. चूक कबूल करायचा धडा पुस्तकात असतो, पण शिकवणाऱ्याला तो कधी सोडवावा लागत नाही.

लक्ष्मणभाऊ कापसाच्या वेचणीला गेले होते. सखुबाई अंगणात पळसाच्या पानांचे द्रोण लावत बसल्या होत्या. मी मिरच्या त्यांच्यासमोर ठेवल्या आणि सगळं सांगितलं. बादलीचं, मुळांचं, दोन ओळींचं. त्यांनी काडी टोचणं थांबवलं नाही.

"मालूम होतं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी यानं मले थेच म्हटलं. त्या दोन ओळी चांगल्या हाय, बाईच्या बादलीतच काई तरी हाय."

म्हणजे गोंडीतली ती दोन वाक्यं ही होती.

"मंग मले काऊन नाई सांगतलं, सखुबाई?"

आता त्यांनी मान वर केली. "तुमी हात मांगतले जी पाहाले. सांगा म्हनून कुठं मांगतलं?"

मी माफी मागितली. ती मागताना माझा आवाज शाळेतला राहिला नव्हता. त्यांनी पाणी दिलं. पुढच्या वेळी रोपं कशी करणार, असं विचारलं. मी म्हटलं, मुळं तुटायलाच नकोत, मॅडम प्लास्टिकचे ट्रे सांगतात. सखुबाईंनी हातातला द्रोण माझ्यासमोर धरला. "याच्यात पेरा ना. पानासंगच गाडा. मुळाले हातच लावाची गरज नाई." पळसाचं पान मातीत कुजायला किती वेळ लागतो, हे मला कोणत्या पुस्तकात सापडलं असतं?

निघताना लक्ष्मणभाऊ वाटेत भेटले, डोक्यावर कापसाचं गाठोडं. मी त्यांनाही सांगितलं, तिथेच, नाल्याच्या दगडांवर उभं राहून. त्यांनी गाठोडं खाली ठेवलं नाही. "झालं थे झालं," एवढं म्हणाले. मग थोडं पुढे जाऊन वळले. "चौघी होत्या जी तिथं. नाई तं मले काई वाटलं नसतं."

"यंदा लावणीले येसान का?"

"पोळ्यानंतर पाहू."

नंतर आठ महिने त्यांचा काही निरोप नाही. फक्त आषाढात एका सकाळी दार उघडलं तर ओट्यावर पाटीभर द्रोण ठेवलेले होते, ताजे, पळसाचा तुरट वास येणारे. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी त्या द्रोणांत नवी माती भरली. बी आधी मॅडमनी दिलेल्या औषधाच्या पाण्यात भिजवून वाळवलं. एका द्रोणात एकच दाणा. आणि डबीत अर्धं बी मागे ठेवलं, ते कोणी मागितलं तरी निघायचं नाही. यांनी कपाशीतला अर्धा एकर मला काढून दिला, मी न मागता. आज आंब्याखाली उभी आहेत ती हीच रोपं. प्रत्येकाची मुळं आपापल्या पानात.

चहा संपला. ऊन अंगणात उतरलं. मी ठरवलं आहे, आठ वाजेपर्यंत वाट पाहायची. नाही आले तर मी लावीन, वाकडी लागली तरी. हे बी यंदा मातीत जाणार म्हणजे जाणार.

आणि फाटक वाजलं. सखुबाई पुढे, लक्ष्मणभाऊ मागे, खांद्यावर दुपट्टा.

"पोळा झाला जी," ते म्हणाले.

चौघी बायांनाही मी मुद्दाम बोलावलं होतं. त्या थेट शेतात आल्या. मी साबण, दुधाची वाटी, पाण्याचा ड्रम सगळं नेलं, आणि सवयीनं ती निळी बादलीही उचलून आणली होती. मी ती बांधावर उपडी घातली आणि सखुबाईंना म्हटलं, "बसा, तुमचे गुडघे दुखतात." त्या बसल्या. लक्ष्मणभाऊंनी खिशातली खर्र्याची पुडी काढली, लांबच्या बांधावर दगडाखाली ठेवली आणि कोणी न सांगता हात धुतले. साबणानं, मग दुधानं. त्यांच्यामागून मी धुतले.

मग मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. चौघी बाया बघत होत्या. मी दोन्ही हात पुढे केले, तळवे वर. थोडा वेळ तसेच धरले आणि पालथे केले.

"लक्ष्मणभाऊ, पाहा बरं. झाले का साफ?"

त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग खाली वाकून हात नीट पाहिले, एकेक बोट, घाई न करता. सखुबाई बादलीवर बसल्या बसल्या गोंडीत काहीतरी म्हणाल्या आणि लक्ष्मणभाऊंच्या मिशीत हसू आलं.

"बाई," ते म्हणाले, "नखात माती हाय."

मी मुकाट्यानं पाण्याकडे गेले आणि पुन्हा हात धुतले.